साखर चढण्याआधीची वर्षे

मधुमेहाचे निदान आपल्याकडे बहुधा भलत्याच निमित्ताने होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासायला सांगतात, पायाची जखम भरता भरत नाही, विम्याच्या कागदांसाठी तपासणी करावी लागते, आणि अहवालातल्या एका आकड्यावरून घरात सगळ्यांना कळते की यांना शुगर आहे. मग तो दिवस आजाराचा पहिला दिवस म्हणून लक्षात राहतो. शरीराचा हिशेब मात्र निराळा असतो. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घकालीन पाहणीत मधुमेह नसलेल्या ६,५३८ माणसांचा सरासरी दहा वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला आणि त्यांतल्या ५०५ जणांना पुढे मधुमेह जडला. २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांच्या रक्ताचा उलटा प्रवास मांडला गेला. निदानाआधी सुमारे पाच वर्षे इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता झपाट्याने घसरू लागली होती. ती तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंड निदानाआधीच्या चौथ्या ते तिसऱ्या वर्षात जास्त जोमाने राबले आणि मग ढासळले. उपाशीपोटीची साखर मात्र बरीच वर्षे संथपणे सरकत राहिली. ती ठळकपणे चढली शेवटच्या तीन वर्षांत, सुमारे १०४ वरून १३३ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे जो आकडा पाहून आपण दचकतो, तो या गोष्टीचा जवळजवळ शेवटचा अध्याय असतो. आधीच्या अध्यायांत काय लिहिलेले असते, ते वाचता येते का, आणि वाचून उपयोग काय, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

आधीच्या अध्यायांची लिपी शोधायला वैद्यकाला बराच वेळ लागला. १९४७ साली मार्सेय येथील ज्याँ वाग या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे असते. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेने निरुपद्रवी, पोटाभोवतीची घातक. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतले जेराल्ड रीव्हन यांनी वाढलेला रक्तदाब, चढलेले ट्रायग्लिसराइड, घटलेले चांगले कोलेस्टेरॉल आणि बिघडलेली साखर या सुट्या वाटणाऱ्या तक्रारी एकाच दोरीत ओवल्या. ती दोरी म्हणजे इन्सुलिन-रोध. यकृत आणि स्नायू इन्सुलिनचा निरोप ऐकेनासे झाले की स्वादुपिंडाला तोच निरोप अधिक मोठ्याने द्यावा लागतो. यकृतात चरबी साचते, यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडते आणि सोबत ट्रायग्लिसराइडही वाढवते. चाळिशी-पन्नाशीत हे सगळे एकत्र येण्याचे कारणही उघड आहे. स्नायू कमी होऊ लागतात, हालचाल मंदावते, रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या पोटाभोवती चरबी साठू लागते आणि स्वादुपिंडाची राखीव ताकद वयाबरोबर आटते. म्हणूनच मधुमेहाचे भाकीत हा मुख्यतः मध्यमवय आणि त्यापुढच्या आयुष्याचा प्रश्न ठरतो. मला एकच गोष्ट मांडायची आहे. या वयातल्या जोखमीचा सर्वांत उपयुक्त निर्देशक सर्वांत गुंतागुंतीचा असेलच असे नाही. जो आपल्या शरीराला लागू पडतो, आपल्या वयाला शोभतो आणि ज्याच्या पाठोपाठ मदतीचा हात येतो, तो निर्देशक खरा.

आपल्या शरीराला लागू पडणे, ही अट वरवरची नाही. मधुमेहाच्या जोखमीचे बरेचसे मापदंड युरोप-अमेरिकेतल्या शरीरांवर बेतलेले आहेत, आणि ते आपल्याला ढगळ होतात. याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, म्हणजे दोघेही काट्यावर सडसडीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यातून हे वेगळेपण जन्मापासूनच असते असे दिसले. त्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे उंचीने, स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखली होती. दिसायला बारीक, आतून स्थूल, असा हा शरीराचा घाट आहे. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे’ हे आपल्याकडचे नेहमीचे समाधान फसवे ठरते. भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्सवरची जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि कमरेच्या घेराची रेषा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटरवर आणली गेली ती यामुळेच. काट्यापेक्षा टेप अधिक खरे बोलतो. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, दुमडून निम्मी करावी आणि कमरेभोवती लावून पाहावी. टोके जुळली नाहीत, तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि रक्त तपासून घेण्याची वेळ झाली आहे, एवढे तरी नक्की समजावे.

या साधेपणाच्या वाटेवरचे भारतातले मोठे काम चेन्नईत झाले. डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली शहरातल्या मोठ्या पाहणीच्या आधारे भारतीय मधुमेह जोखीम गुणांक तयार केला. त्यात सुईचा टोचाही नाही. वयाला जास्तीत जास्त ३० गुण, बैठ्या जीवनाला ३०, कमरेच्या घेराला २०, आई-वडिलांच्या मधुमेहाला २०, असे शंभर. साठ किंवा अधिक आले तर जोखीम मोठी. बावन्न वर्षांचा, बसून काम करणारा, व्यायाम न करणारा, ९२ सेंटिमीटर कमरेचा आणि आईला मधुमेह असलेला पुरुष ८० वर पोहोचतो. आता या गुणांकाची अचूकता प्रामाणिकपणे तपासली पाहिजे. साठच्या रेषेवर तो निदान न झालेल्या मधुमेहींपैकी ७२.५ टक्के पकडतो आणि मधुमेह नसलेल्यांपैकी ६० टक्क्यांना बरोबर बाजूला ठेवतो. हजार माणसांत शंभरांना नकळत मधुमेह आहे असे धरले, तर गुणांक त्यांतले बहात्तर-त्र्याहत्तर जण शोधतो, पण उरलेल्या नऊशेंपैकी तीनशे साठ जणांनाही विनाकारण रांगेत उभे करतो. रांगेतल्या दर सहा जणांत एकच खरा मधुमेही निघतो. हे ऐकून कोणी गुणांक टाकाऊ ठरवील. पण त्याचे काम निवाडा देण्याचे नाही, पाखडण्याचे आहे. सुपात धान्याबरोबर खडेही राहतात, म्हणून सूप फेकून देत नाहीत, पुढे हाताने निवडतात. साठच्या खाली आलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के खरोखर मधुमेहमुक्त असतात, आणि हजाराऐवजी सव्वाचारशेंचेच रक्त तपासावे लागते, हा जिथे प्रत्येक तपासणी पट्टी मोजून मिळते तिथे मोठाच लाभ आहे. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी घरोघरी जो तपासणी-तक्ता भरतात, तोही याच विचाराचा. वय, कमर, तंबाखू, दारू, हालचाल आणि घराण्यातले आजार यांची बेरीज चारच्या वर गेली, की तपासणीसाठी आधी बोलवायचे.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो. रक्तातली इतकी माहिती हाताशी असताना सुतळी आणि प्रश्नावली कशाला? गेल्या दोन दशकांत नव्या निर्देशांकांचे पीकच आले आहे. कमरेचा घेर आणि ट्रायग्लिसराइड यांचा गुणाकार २००५ च्या सुमारास मांडला गेला. २००८ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड आणि साखर यांचा गुणाकार करून, त्याच्या निम्म्याचा लॉगरिदम घेऊन इन्सुलिन-रोधाचा स्वस्त अंदाज बांधला. ट्रायग्लिसराइड १५० आणि साखर १०० असेल तर तो सुमारे ८.९ येतो. इन्सुलिन मोजण्याची महागडी चाचणी टळते, हा त्याचा खरा गुण. चीनमध्ये २०११ पासून पंचेचाळीस वर्षांवरील सतरा हजारांहून अधिक लोकांची जी राष्ट्रीय पाहणी चालू आहे, तिच्या आकडेवारीवर असे निर्देशांक पुन्हा पुन्हा पारखले गेले आहेत. पण इथे एक बारीक गफलत ध्यानात ठेवावी लागते. मधुमेह म्हणजे वाढलेली साखर. ज्या सूत्रात आजची साखरच घातली आहे, त्याने उद्याच्या साखरेचे भाकीत केले तर त्यात नवल किती? अशा सूत्राची कसोटी ‘ते भाकीत करते का’ ही नाही. ‘नुसती उपाशीपोटीची साखर आणि कमर एवढ्यावरून जे कळले असते, त्यापेक्षा ते अधिक काय सांगते’ ही आहे. या कसोटीवर पुष्कळ सूत्रांची भर थोडी निघते. शिवाय चीनमध्ये बसवलेली रेषा आपल्याकडे आहे तशी चालेल, असे गृहीत धरता येत नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे बहात्तर हजार भारतीयांची जी दीर्घकालीन पाहणी सुरू केली, तिचे मोल इथे आहे. आपल्या माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, तरच भाकिताचे माप आपल्या अंगाचे होईल.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या बाजूचा. भाकिते करता कशाला, सगळ्यांचे रक्तच तपासा. म्हणणे सरळ आहे, पण रक्ताच्या चाचण्याही निःसंदिग्ध नसतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी सोयीची खरी, उपाशी राहावे लागत नाही. मात्र ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. शरीरात लोह कमी असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते, पेशी लवकर नष्ट होत असतील तर खोटी कमी. ज्या देशात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, त्या देशात ही चाचणी एकटी वाचणे धोक्याचे आहे. नुसती उपाशीपोटीची साखर पाहिली, तर जेवणानंतर चढणारी साखर निसटते, आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेण्याची चाचणी सगळ्यांवर करणे उपकेंद्राच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून कमर आणि प्रश्न हे रक्ताला पर्याय नव्हेत. रक्त कोणाचे, कधी आणि कोणत्या चाचणीने तपासायचे, हे ठरवणारी ती पहिली पायरी आहे. पहिली पायरी चुकली की सुविधा आधीच तपासून घेणाऱ्यांकडेच वाहत जातात, आणि ज्याला कधीच काही विचारले गेले नाही तो तसाच राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. धडधाकट माणसाला ‘तुमची शुगर बॉर्डरवर आहे’ असे सांगून आपण रोगी बनवतो का? २००३ साली अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेची खालची रेषा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ती ११० वरच ठेवली. रक्तात काही न बदलता, केवळ रेषा सरकल्याने असंख्य माणसे एका रात्रीत ‘पूर्वमधुमेही’ झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि पूर्वमधुमेही १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज आहे. इतक्या लोकांच्या कपाळी नुसता शिक्का मारणे हे आरोग्याचे काम नव्हे. वय वाढेल तसा हा आक्षेप अधिक धारदार होतो. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत ७१ ते ९० वयाच्या सुमारे ३,४०० ज्येष्ठांचा साडेसहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. एचबीएवनसीनुसार पूर्वमधुमेही ठरलेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांना मधुमेह झाला, १३ टक्के पुन्हा सामान्य पातळीवर आले आणि १९ टक्के दरम्यानच्या काळात मरण पावले. पंचाहत्तरीतल्या आजींना सीमेवरच्या साखरेपेक्षा पडून हाड मोडण्याचा, अन्न कमी पडून स्नायू झिजण्याचा धोका जास्त असतो. त्यांच्या ताटातला भाकरी-वरणाचा घास काढून घेणारा सल्ला हा हितोपदेश नाही, ती इजा आहे. तीच साखर पंचेचाळिशीत निघाली तर मात्र पुढे तीस-चाळीस वर्षांचा काळ उभा असतो, आणि डोळे, मूत्रपिंड, पाय यांच्यावर साखरेला काम करायला तेवढी सवड मिळते. आकडा एकच असतो, वयानुसार त्याचा अर्थ बदलतो. आक्षेपाचे उत्तर भाकीत सोडून देणे हे नाही, वय पाहून त्याचा अर्थ लावणे हे आहे.

शिक्का आणि भाकीत यांतला खरा फरक पुढच्या कृतीत असतो, आणि कृतीने फळ मिळते का याचा पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये एक लाख दहा हजारांहून अधिक लोक तपासून त्यांतून बिघडत्या साखरेची ५७७ माणसे निवडली गेली आणि त्यांतल्या बहुतेकांना सहा वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. तीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षांनी लांबला होता आणि हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. फिनलंड आणि अमेरिकेतल्या चाचण्यांत जीवनशैली बदलल्याने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत साठीच्या पुढच्यांना तर सर्वांत जास्त फायदा झाला, ७१ टक्के, उलट मेटफॉर्मिन हे औषध त्या वयात फारसे कामी आले नाही. भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या चाचणीत तीन वर्षांत, काहीच न केलेल्या गटातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर जीवनशैली बदललेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. फायदा निश्चित आहे, पण आपल्या लोकांत मधुमेहाकडे सरकण्याचा वेगही भयंकर आहे. आणि प्रामाणिकपणे केरळचा अनुभवही सांगितला पाहिजे. तिथे साठ किंवा अधिक गुण असलेल्या १,००७ जणांवर गावातल्याच प्रशिक्षित सोबत्यांच्या मदतीने दोन वर्षे प्रयोग झाला. जोखमीचे गुण घटले, पण मधुमेह झालेल्यांचे प्रमाण तुलनेच्या गटात १७.१ आणि साथ मिळालेल्या गटात १४.९ टक्के, म्हणजे ठामपणे काही सांगता येईल इतका फरक उरला नाही. यातून धडा असा की गुणांक हे जोखमीचे चित्र आहे, जोखीम स्वतः नव्हे. आणि ज्यांची साखर खरोखर बिघडू लागली आहे, त्यांना रक्ततपासणीने वेगळे काढून अधिक दमदार साथ द्यावी लागते.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे. सगळा भार माणसावरच का टाकायचा? ज्याची पाळी रात्रीची आहे, रेशनवर ज्याला तांदूळ-गहूच मिळतात, जिच्या वस्तीत संध्याकाळी चालायला सुरक्षित रस्ता नाही, अशा माणसांना ‘कमर कमी करा’ हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्येच बजावले होते की मोठ्या जोखमीचे थोडे लोक शोधून समाजाचा आजार हटत नाही, साऱ्या समाजाची पातळीच सरकवावी लागते. ते मला पूर्ण मान्य आहे. पण या दोन वाटा एकमेकींच्या वैरिणी नाहीत. कमरेचे माप वॉर्डावॉर्डातून, गावागावांतून नोंदले गेले, तर तोच आकडा पदपथ कुठे हवा, शाळेच्या दुपारच्या जेवणात डाळ किती हवी, गर्भवतीच्या पोषणावर किती खर्च हवा, हेही सांगतो. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांनी दाखवलेच आहे की पन्नाशीतल्या मधुमेहाची बीजे आईच्या पोटात पडतात. व्यक्तीला सावध करणारे भाकीत व्यवस्थेलाही जाब विचारू शकते. मात्र ते फक्त रुग्णाच्या फाइलमध्ये अडकून पडता कामा नये.

या सगळ्याकडे पाहताना चेन्नईच्या त्या गुणांकातली एक गोष्ट मनात ठसते. शंभरांपैकी वयाचे तीस आणि आई-वडिलांचे वीस, असे पन्नास गुण कोणाच्याही हातात नाहीत. कमरेचे वीस आणि हालचालीचे तीस, हे उरलेले पन्नास बदलू शकतात, काही आपल्या प्रयत्नाने, काही गावाच्या, शहराच्या, सरकारच्या प्रयत्नाने. घराण्यातल्या मधुमेहाकडे आपण प्राक्तन म्हणून पाहतो. पण पुढच्यास ठेच लागली की मागच्याने शहाणे व्हायचे असते. आईची साखर ही लेकीला वेळेआधी मिळालेली सूचना आहे. पुढील पानांत निर्देशकांचा एकेक करून तपशील येईल, त्यांची सूत्रे, त्यांच्या रेषा, त्यांचे दोष. वाचकाने प्रत्येक निर्देशकाला तीन प्रश्न विचारावेत अशी विनंती आहे. हा कोणाच्या शरीरावर बेतला? माझ्या वयात याचा अर्थ काय? आणि हा वाढलेला निघाला, तर उद्या सकाळी मला कोण, कशी मदत करणार? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्या भाकिताने माणसाच्या हाती फक्त भीती पडते. ज्याच्याकडे आहे, ते साखर चढण्याआधीची वर्षे परत मिळवून देते, आणि मधुमेहात वर्षांइतके मोलाचे दुसरे काही नाही.